बालाजीनं न उचललेला हात

बायकोला वाटतं, कपाटातल्या निळ्या फाइलमध्ये जमिनीचे कागद आहेत. आहेतही. जमीन एमआयडीसीत गेली, कागद तेवढे राहिले, म्हणून ती फाइल घरात कुणी उघडत नाही. पण त्या कागदांच्या खाली आणखी तीन कागद आहेत आणि त्यांच्याबद्दल मी आजवर एकाही माणसाजवळ तोंड उघडलेलं नाही. तुम्ही पहिले. तुम्हीच का? — कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि माझ्या तोंडावर थुंकायचं झालं तर तुम्हाला चाकणपर्यंत यावं लागेल. भित्रा माणूस सोय बघूनच खरं बोलतो.

आधी मी कोण ते सांगतो. गावचा मूळचा माणूस. गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत टाइम ऑफिसला कारकून होतो. हजेरी, शिफ्ट, रजा, गेटपास, सगळं माझ्या टेबलावरून जायचं. लोक नाना म्हणत. शिक्षण बारावी, पण मराठी लिहायचो फर्डं आणि अक्षर देखणं. गावात लग्नाच्या पत्रिकेचा मजकूरसुद्धा माझ्याकडून तपासून घेत. एवढ्याशा गोष्टीवर माणूस किती फुगू शकतो! मी तीस वर्षं फुगलो.

कंपनीत कुणाकडून काही चुकलं — किंवा चुकलं असं साहेबाला वाटलं — की कारणे दाखवा नोटीस निघते. तिला लेखी उत्तर द्यावं लागतं. कामगार ते उत्तर लिहून घ्यायला माझ्याकडे येत. त्याला कागदोपत्री खुलासा म्हणतात, पण आमच्याकडे सगळे माफीनामाच म्हणतात, आणि तेच खरं नाव आहे. त्याची एक रीत आहे. चूक झाली की नाही, हा विचारच करायचा नाही. पहिल्या वाक्यात ती मान्य करायची. दुसऱ्यात थोडी वाढवून मान्य करायची, म्हणजे पश्चात्ताप अस्सल वाटतो. आणि शेवटी, 'तरी साहेबांनी या वेळी सांभाळून घ्यावे, ही नम्र विनंती.' खाली सही. साहेब वाचतो, त्याचं पोट भरतं, कामगार समज घेऊन सुटतो. 'मी केलं नाही' असं लिहिणारा मात्र चौकशीत अडकतो आणि सहा महिने हेलपाटे घालतो. थोडक्यात, खोटं कबूल करणारा वाचतो. ही विद्या मला येत होती तशी त्या भागात कुणाला येत नसेल.

आणि ज्यांच्यासाठी लिहायचो त्यांची मला किळस होती. हे सौम्य करून सांगत नाही. लातूर, बीड, परभणी, कुठून कुठून आलेली माणसं. आमच्याच चाळीत भाड्यानं राहायची, आमच्याच दुकानात उधारी करायची, आणि अर्जात 'महोदय' लिहायचं तर पेन अडायचं. 'नाना, तुमच्याबिगर कोन हाय आमाला?' म्हणत. मला ते आवडायचं. दया म्हणून नव्हे — वाकलेली मान वरून बघायला आवडायचं. एखादा सही करायला का-कू करू लागला तर मला तो उद्धट वाटे. माझ्या टेबलाशी उभं राहून खरं सांगणारा माणूस मला उद्धट वाटे, यावरून माझी लायकी ओळखा.

बालाजी त्यांतलाच एक. प्रेस शॉपला होता, लातूरकडचा, तिशीतला, बोलायला हळू. आमच्याच चाळीत चौथ्या खोलीत राही. एकदा त्याच्या मशीनवर पत्र्याला आकार देणारा डाय तुटला. सेटिंग दुसऱ्यानं केलेली, नोटीस मात्र बालाजीला. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "पण नाना, सेटिंग माझी नव्हती हो." मी त्याला असा झापला की विचारू नका. 'माझ्या निष्काळजीपणामुळे डाय तुटला' असं लिहिलं, त्यानं सही केली, आणि तो नुसती समज घेऊन सुटला. त्या दिवसापासून बालाजीच्या लेखी माझा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. हे लक्षात ठेवा. पुढचं सगळं यावरच उभं आहे.

त्याची बायको सुनीता सहा वर्षांच्या आरोहीला घेऊन रावेतला भावाच्या फ्लॅटवर निघून गेली. का गेली? एक खोली, ह्याचा ओव्हरटाइम, गावाकडच्या सासूचे रोजचे फोन, आणि हा तोंडातून शब्द काढत नाही. भांडणं होती. मारहाण नव्हती. हे मी छातीठोक सांगतो, कारण आमच्या चाळीच्या भिंती अशा की पलीकडच्याची शिंक ऐकून अलीकडचा 'सत्य' म्हणतो. माझी बायको तर तेव्हा म्हणाली होती, "त्यो आवाज बी चढवत न्हाई, त्येचाच तिला राग येतोय. बायामानसाला भांडायला बी कुनीतरी लागतंय."

मेव्हणा बालाजीला मुलगी भेटू देईना. आमच्या कंपनीला गुरुवारी सुट्टी. चार महिने हा गडी दर गुरुवारी रावेतच्या त्या सोसायटीच्या गेटबाहेर जाऊन उभा राहिला. वॉचमन आत सोडत नसे. शाळेची बस आली की लांबून पोरगी दिसायची तेवढीच. मग एक दिवस माझ्या टेबलाशी येऊन रडला. पुरुषासारखा पुरुष, नाक पुसत, टाइम ऑफिसात! मी दार लावून घेतलं — त्याच्या अब्रूसाठी नव्हे, मला लाज वाटली म्हणून.

शॉपमधल्या कुणीतरी त्याला वकील गाठायला सांगितलं होतं. मी म्हणालो, वकील कशाला? कौटुंबिक न्यायालयात माणूस स्वतः उभा राहू शकतो. वकील म्हणजे नुसत्या तारखा. अर्ज मी लिहितो, तू सही कर. वकिलाशिवाय उभं राहता येतं हे खरं होतं, त्यात मी फसवलं नाही. पण मी ते का म्हणालो? त्याची पोर त्याला भेटावी म्हणून? छे. माझं मराठी एकदा न्यायाधीशासमोर जावं, ही माझी हौस. साहेबलोकांचं पोट भरून झालं होतं, आता मोठ्या साहेबाचं भरायचं होतं.

मी त्याला म्हणालो, तुझं म्हणणं आधी कागदावर आण. त्यानं वहीची दोन पानं लिहून आणली. काय लिहावं? — 'ती माझा कान धरून झोपते. कान सोडवला तर उठते. आता कुणाचा कान धरते माहीत नाही. तिला विचारून सांगावे.' आणखी होतं बरंच. बुटाची नाडी तिला उजव्या पायाची बांधता येते, डाव्या पायाची येत नाही, असलं. 'तिला विचारून सांगावे' — न्यायाधीशाला! मी ती पानं दुपारी कँटीनमध्ये डिस्पॅचच्या दोघांना वाचून दाखवली, त्याच्याच आवाजात, त्याच्याच लातुरी हेलात. आम्ही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. बालाजी चार टेबलं सोडून जेवत होता. त्यानं आमच्याकडे बघितलं आणि तोही थोडा हसला, कारण नाना हसतायत म्हणजे काहीतरी चांगलंच असणार.

इथपर्यंतचं सांगायला सोपं गेलं, कारण इथपर्यंत मी नुसता नीच आहे. आता पुढे या.

अर्ज लिहायला बसलो. हातात एकच विद्या, मग दुसरं काय लिहिणार? रीतीप्रमाणे आधी चूक मान्य करायची, मग थोडी वाढवायची. पण चूक कुठली? बालाजीनं काही केलंच नव्हतं. 'अर्जदार कमी बोलतो' हा काय गुन्हा झाला? त्यावर माफी मागून कोण पाघळणार? माफीनाम्याला चुकीत जरा वजन लागतं. म्हणून मी कान काढला आणि हात घातला. वाक्य मला पाठ आहे: 'अर्जदाराकडून रागाच्या भरात पत्नीवर दोन-तीन वेळा हात उचलला गेला, याचा अर्जदारास मनापासून पश्चात्ताप होत असून यापुढे असे घडणार नाही.' किती सुबक वाक्य! 'उचलला गेला' — मी तर त्यावर खूष होतो. त्यात नम्रता आहे, असं मला वाटलं होतं.

बालाजीनं अर्ज सावकाश वाचला. त्या वाक्यावर बोट ठेवलं.

"नाना, मी कवाच हात नाही उचलला की हो तिच्यावर."

"माहीत आहे मला. असं लिहायचं असतं."

"पण कोर्टात..."

"डायच्या वेळी काय झालं? सुटलास ना? मग? तुला जास्त कळतं का मला?"

त्यानं बोट काढलं. "तुमाला कळतंय नाना," म्हणाला आणि सही केली. मग अर्ज खरा असल्याचं शपथेवर सांगून आला. एवढी वर्षं कागदात घालवलेल्या माणसाला, साहेबाचं टेबल आणि न्यायालय यांतला फरक कळला नाही, असं कुणी म्हणेल का? साहेबाला मान वाकलेली हवी असते. न्यायालयाला पुरावा हवा असतो, आणि बापानंच शपथेवर लिहून दिलेल्या पुराव्यापेक्षा मोठा पुरावा कुठला? वकील म्हणवणाऱ्या कुठल्याही पोराटोरानं ते वाक्य पहिल्या फटक्यात खोडलं असतं. म्हणूनच मी वकील येऊ दिला नव्हता.

तारीख गुरुवारची मिळाली, रजा टाकावी लागली नाही. बालाजी इस्त्रीचा शर्ट घालून आला. खिशात पोरीसाठी केसांच्या दोन क्लिपा घेऊन आला होता. ती आज कोर्टात येणार नाही, हे कुणी त्याला सांगितलंच नव्हतं. मी मागच्या बाकावर बसलो. सुनीताचे वकील उठले. त्यांना काही करावंच लागलं नाही. त्यांनी माझं वाक्य वाचलं, अगदी नीट, विरामासकट, आणि खाली बसले.

न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी बालाजीला विचारलं, हे तुम्ही लिहिलंय? हे असं घडलंय?

बालाजीनं मागे वळून माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं — राग नाही, काही नाही. टेबलाशी उभा राहायचा तसाच, आता काय म्हणू नाना, असं. मी काय केलं? मी खिशातून मोबाइल काढला आणि बंद पडद्याकडे बघत बसलो. वाचतोय असं दाखवत होतो. त्या काळ्या काचेत मला माझंच थोबाड दिसत होतं.

"हो मॅडम," बालाजी म्हणाला. "मीच लिवलंय."

सुनीतानं चमकून त्याच्याकडे बघितलं. ते खोटं आहे हे त्या खोलीत तिघांना माहीत होतं. तीही गप्प राहिली. पण तिच्या पदराआड लपायला मी हे लिहीत नाही. तिला पोर हवी होती. मला काय हवं होतं?

आदेश झाला. महिन्यातून एकदा, पहिल्या शनिवारी, एक तास, कोर्टातल्याच मुलांच्या खोलीत, समुपदेशक बाईंच्या देखत. घरी न्यायचं नाही, बाहेर फिरवायचं नाही. मागितलं होतं दर आठवड्याला आणि दिवाळीचे चार दिवस.

अजून मुद्द्यावर आलो नाही. माझी खरी चोरी ते वाक्य नाही. वाक्य मूर्खपणा होता, आणि मूर्खपणा मी दारूच्या बैठकीत हसत कबूल केला असता. खरं पुढे व्हरांड्यात झालं. बालाजी आदेशाची नक्कल घ्यायच्या रांगेत होता आणि समुपदेशक बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुम्ही त्यांच्याबरोबर आहात ना? मी दोघांशीही बोलले आहे. ते वाक्य त्या माणसाचं वाटत नाही. कुणी लिहून दिलं?"

मी म्हणालो, "कल्पना नाही. मोबाइलवरून उतरवलं असेल कुठून तरी."

त्या म्हणाल्या, "ज्यानं लिहिलं असेल, त्यानं प्रतिज्ञापत्र द्यावं, की मजकूर माझा आहे आणि त्याला घडलेल्याचा आधार नाही. मग दुरुस्तीसाठी अर्ज करता येईल. त्यांना सांगा. उशीर करू नका, मूल लहान आहे."

बालाजी रांगेतून आला. "बाई काय म्हनल्या नाना?"

मी म्हणालो, "नशीब समज, एवढं तरी मिळालं, म्हणाल्या."

हे ते. हेच मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. एक कागद, माझ्या नावाचा, माझ्या सहीचा. दुसऱ्यांना शेकड्यांनी सह्या करायला लावल्या आणि माझ्या एका सहीची वेळ आली तेव्हा मी तोंड फिरवलं. का? कंपनीला कळलं असतं की टाइम ऑफिसचा कारकून कामगारांच्या खोट्या कबुल्या लिहितो. नोकरी गेली असती, कदाचित. पण तेवढंच नव्हतं. नानाचं मराठी चुकलं, असं गावभर झालं असतं. आणि कुणापायी? — त्या नाक पुसणाऱ्या लातूरवाल्यापायी? हे शब्द मी मनात उच्चारले होते, व्हरांड्यात, त्याच्या खांद्यावर हात ठेवून.

भेटी तीन झाल्या. पहिल्या शनिवारी पोरगी त्याच्या मांडीवर बसली, क्लिपा लावून घेतल्या. दुसऱ्या शनिवारी तो खुळखुळ्यासारखा बोलत परत आला, सबंध चाळीला सांगत सुटला की तिला आता डाव्या बुटाची नाडीही येते. तिसऱ्या शनिवारी ती दाराशीच थांबली. मामानं घरी आदेशाची नक्कल वाचून दाखवली होती. ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही मम्मीला मारलं ना? तुम्हीच लिहून दिलंय." तो काय म्हणणार? नाही म्हणाला तर शपथेवर खोटं लिहिलं, हो म्हणाला तर — ती त्यानंतर आली नाही. मूल यायला तयार नाही, म्हणून भेटी थांबल्या. आदेश कागदावर आहे अजून.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. आरोही बारा वर्षांची असेल. बालाजी तिथेच आहे, प्रेस शॉपलाच. गुरुवारी कुठे जात नाही, खोलीचं दार उघडं ठेवून बसतो. माझ्याबद्दल वावगा शब्द त्यानं कधी काढला नाही. उलट सांगतो, नानांनी लई केलं माझ्यासाठी, माझंच नशीब फुटकं. हे मी ऐकतो आणि चहा पितो.

गेल्या महिन्यात मी निवृत्त झालो. शाल-श्रीफळ झालं. शाल कुणी घालायची यावरून शॉपमध्ये बोलणं झालं आणि सगळ्यांनी बालाजीला पुढे केलं. त्यानं ती माझ्या खांद्यांवर नीट बसवली, दोन्ही टोकं सारखी केली. घरी परत येताना आम्ही दोघंच बरोबर होतो. गेटच्या बाहेर आल्यावर तो म्हणाला, "नाना, एक इचारू का? मला आताशा वाटतंय, मी उचलला असंल हात. एकांदवेळी. माझ्या ध्यानात नसंल. तुम्ही त्या टायमाला उगं लिवलं नसंल."

तुम्ही असता तर काय म्हणाला असता? एक शब्द पुरे होता. 'नाही.' एवढाच. नोकरी संपली होती, साहेब संपले होते, जायला काहीच उरलं नव्हतं माझं. खांद्यावर त्यानं घातलेली शाल होती.

मी म्हणालो, "असेल बाबा. रागात माणसाला ध्यान राहत नाही."

त्यानं मान हलवली. थोडं चालल्यावर म्हणाला, "मंग लेकरू खोटं नव्हतं बोललं." आणि मला वाटतं, त्याला बरं वाटलं. पोरगी खोटी नाही, याचं त्याला बरं वाटलं!

तर निळ्या फाइलमधले तीन कागद हे. वहीची दोन पानं, ज्यांत कान आहे. आणि एक माझ्या अक्षरातला कच्चा मसुदा, ज्यात हात आहे. त्यावर माझीच खाडाखोड — आधी 'एकदा' लिहिलं होतं, मग ते खोडून 'दोन-तीन वेळा' केलं. बालाजीनं हात उचलला नाही. एकदाही नाही. मला ते तेव्हा माहीत होतं, व्हरांड्यात माहीत होतं, गेल्या महिन्यात गेटबाहेरही माहीत होतं.

माफीनाम्याची शेवटची ओळ मला झोपेतही येते. ती इथे लिहीत नाही. फाइल कपाटात आहे, आणि बालाजीची खोली माझ्या दारापासून चौथी.